डिग्रीनंतरचे कोर्स आणि डेंटल स्कूलचा जीपीए: २.८९ च्या एका केसचा सगळा हिशोब

केस न्यू जर्सीतल्या एका मुलीची आहे, माझी सख्खी भाची. नाव देत नाही, पण आकडे तिला विचारूनच देतोय आणि लिहिलेलं तिनं एकदा तपासलंय. बायोलॉजीची डिग्री मे २०२० मधे, म्हणजे ऐन लॉकडाऊनमधे, पदवीदान सोहळा लॅपटॉपवर. युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सक्रिप्टवर (म्हणजे गुणपत्रिकेवर) जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, ३.०५. डेंटल स्कूलला जायचं हे तिचं दुसऱ्या वर्षापासून ठरलेलं होतं आणि ३.०५ काही फार भारी नाही हेही घरात सगळ्यांना कळत होतं, पण निदान तीनच्या वर तरी आहे ना असं म्हणून सगळे गप्प होते. एक वर्ष डेंटल असिस्टंटची नोकरी केली, डॅट (डेंटल ॲडमिशन टेस्ट, म्हणजे प्रवेश परीक्षा) दिली, २०२१ च्या जूनमधे अर्ज भरला आणि काही आठवड्यांनी तो व्हेरिफाय होऊन आला तर त्यावर जीपीए २.८९.

तिला वाटलं टायपो आहे. टायपो नव्हता.

अमेरिकेत डेंटल स्कूलला अर्ज करायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी एडसास नावाच्या एकाच सर्व्हिसमधून करायचा, ती अमेरिकन डेंटल एज्युकेशन असोसिएशन (एडीईए) चालवते (टेक्सासच्या सरकारी डेंटल स्कूलचं वेगळं पोर्टल आहे, ते इथे सोडून देतो). एडसास तुमच्या युनिव्हर्सिटीनं काढलेला जीपीए उचलून लावत नाही. तुम्ही कॉलेज लेव्हलला केलेला प्रत्येक कोर्स, जिथे केला असेल तिथून ट्रान्सक्रिप्ट मागवून, सगळ्यांना एकच नियम लावून पुन्हा मोजतात. हायस्कूलमधे असताना कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं स्वस्त कॉलेज) केलेला कोर्ससुद्धा त्यात येतो, उन्हाळ्यात दुसरीकडे केलेला येतो, आणि मुख्य म्हणजे रिपीट केलेल्या कोर्सचे सगळे अटेम्प्ट येतात.

हिची गडबड तिथेच झाली. पहिल्या दोन वर्षांत जनरल केमिस्ट्री टूला डी आणि ऑरगॅनिक वनला एफ. दोन्ही पुन्हा केले, बी आणि बी मायनस आले, आणि तिच्या युनिव्हर्सिटीचा नियम असा की रिपीट केलं की जुनी ग्रेड जीपीएतून वजा. म्हणून युनिव्हर्सिटीच्या हिशोबात १२० क्रेडिट, ३६६ क्वालिटी पॉइंट (दर क्रेडिटला ए चे ४, बी चे ३, सी चे २, डी चा १, एफ चं शून्य), भागाकार ३.०५. एडसासनं त्यात जुने दोन्ही कोर्स परत घातले, ८ क्रेडिट वाढले आणि पॉइंट वाढले फक्त ४, कारण चार क्रेडिटच्या डीचे चार आणि एफचं शून्य. ३७० भागिले १२८ म्हणजे २.८९.

ताईला, म्हणजे तिच्या आईला, हे अजिबात पटेना. ती मुंबई युनिव्हर्सिटीची, तिच्या डोक्यात केटी सुटली की विषय संपला. "अरे पास झाली ना ती नंतर, मग नापास झालेलं आता कशाला मोजतायत?" बरं हा नियम फक्त डेंटलचा आहे असंही नाही. ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूलच्या (एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरची डिग्री देणाऱ्या) अर्जात पूर्वी नवीन ग्रेड जुनीची जागा घ्यायची, तेही २०१७ मधे बंद झालं. पण जुने सल्ले नेटवर फिरतच राहतात, आणि कुणीतरी काका हमखास सांगतो की रिपीट कर, जुनं पुसलं जातं. पुसलं जात नाही.

तर २०२१ चा अर्ज फुकट गेला. २.८९, डॅटचा ॲकॅडमिक ॲव्हरेज १८ (तेव्हाचं ३० वालं स्केल, मार्च २०२५ पासून २०० ते ६०० झालंय), इंटरव्ह्यू एकही नाही. डेंटल स्कूलमधे प्रत्यक्ष जाणाऱ्या मुलांचा सरासरी जीपीए साडेतीनच्या वरच असतो, त्यामुळे हे धक्कादायक वगैरे काही नव्हतं. डेंटलच्या शाळा अमेरिकेत सत्तरच्या वर आहेत पण ज्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर किमान ३.० लिहिलंय तिथे २.८९ चा अर्ज माणसाच्या हातात तरी पडतो की नाही शंकाच आहे.

आता खरा विषय. डिग्री तर झालेली, ग्रेड बदलता येत नाहीत, मग अजून कोर्स करून हा आकडा कितीसा हलतो?

मी आयटीवाला, त्यामुळे पहिलं काम एक्सेल. कुठलाही सल्ला घ्यायच्या आधी हे करावं असं माझं ठाम मत आहे, कारण लोक "एक वर्ष पोस्ट-बॅक (म्हणजे डिग्रीनंतरचे कोर्स) कर, जीपीए वर येईल" म्हणतात तेव्हा किती वर हे कुणीच सांगत नाही. समजा तिनं इथून पुढे प्रत्येक कोर्सला फक्त ए मिळवला. ३.० ला पोचायला १४ क्रेडिट लागतात, म्हणजे तीन-चार कोर्स, ठीक आहे. ३.३ ला पोचायला ७५ क्रेडिट. आणि ३.५ ला? १५६ क्रेडिट, सगळ्यांत ए. म्हणजे आख्खी नवी डिग्री आणि वर अजून एक वर्ष, एकही ए मायनस न घेता. आमटीत मीठ जास्त पडलं तर पाणी घालता येतं, पण पातेलं जेवढं मोठं तेवढं पाणी जास्त लागतं, आणि १२८ क्रेडिटचं पातेलं लहान नाही.

हे बघून ती दोन दिवस बोलली नाही कुणाशी. पण माझ्या मते त्याच दिवशी ती योग्य रस्त्याला लागली, कारण ३.५ चं स्वप्न संपलं आणि प्रश्न बदलला: एकूण आकडा हलत नसेल तर मग नक्की काय हलतं?

एडसासचा अर्ज शाळेकडे जातो तेव्हा त्यात एकच जीपीए नसतो, आख्खा तक्ता असतो. फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर (म्हणजे डिग्रीचं पहिलं ते चौथं वर्ष), पोस्ट-बॅक, ग्रॅज्युएट अशा ओळी वेगवेगळ्या, आणि त्यात पुन्हा सायन्सचा वेगळा, नॉन-सायन्सचा वेगळा, बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्सचा वेगळा. पहिली बॅचलर डिग्री झाल्यावर अंडरग्रॅज्युएट लेव्हलला जे काही करता ते पोस्ट-बॅक, मग तुम्ही नॉन-डिग्री म्हणून चार कोर्स घ्या नाहीतर दुसरी बॅचलर डिग्री करा. हे पोस्ट-बॅक एकूण अंडरग्रॅज्युएट जीपीएमधे मिसळतं. मास्टर्सचे कोर्स तसे मिसळत नाहीत, ते ग्रॅज्युएटच्या ओळीत वेगळे बसतात आणि फक्त सगळ्यांच्या एकत्रित ओव्हरऑल आकड्यात दिसतात.

आमच्याकडे वाद पेटला तो याच मुद्द्यावर. ओळखीतल्या एका मुलानं मास्टर्स करून ॲडमिशन मिळवलेली, त्यामुळे भावोजींचं म्हणणं, नुसते सुटे कोर्स काय करायचे, मास्टर्सच कर, निदान हातात डिग्री तरी पडेल. तशा मास्टर्सना स्पेशल मास्टर्स म्हणतात, बॉस्टन युनिव्हर्सिटीचा ओरल हेल्थ सायन्सेसचा आहे त्यात डेंटलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर वर्गात बसवतात, रटगर्सचा बायोमेडिकल सायन्सचा तर आमच्या घरापासून जवळ. हे वाईट नाहीतच. डेंटलच्या मुलांबरोबर तोच पेपर देऊन ए मिळवला तर त्याच्यापुढे कुठली कमिटी काय बोलणार! पण हिच्या आकड्यांवर मी ते घालून बघितलं. ३६ क्रेडिट, ३.७ जीपीए धरला. ओव्हरऑल ३.०७ होतो, ग्रॅज्युएटच्या ओळीत ३.७० येतो, पण अंडरग्रॅज्युएटच्या ओळीत २.८९ जिथल्या तिथे, कायमचा. आणि ज्या शाळेत पहिली चाळणी अंडरग्रॅज्युएटच्या आकड्यावर लागते तिथे त्या ३.७० पर्यंत कुणी पोचलंच नाही तर? शिवाय खर्च, तीस-चाळीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातात असले प्रोग्राम, आणि एका वर्षात सगळं दाटून भरलेलं. ज्या मुलीला ऑरगॅनिकमधे एफ आलेला आहे तिनं वर्षभराच्या मास्टर्समधे बी मायनस आणला तर तो दरवाजा पण बंद. स्पेशल मास्टर्स हा शेवटचा डाव असतो असं मला वाटतं, पहिला नाही. आधी अंडरग्रॅज्युएट लेव्हलला सलग ए येतात हे स्वतःला दिसू द्यावं.

मग ठरलं पोस्ट-बॅक, पण महागडा फॉर्मल प्रोग्राम नाही, घराजवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री स्टुडंट म्हणून. कम्युनिटी कॉलेज अजून स्वस्त पडलं असतं आणि एडसासच्या गणितात तिथला ए आणि इथला ए सारखाच, पण वाचणाऱ्याच्या मनात सारखा नसतो. काही शाळा कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिटवर मर्यादा घालतात, काही उघडच चार वर्षांच्या कॉलेजचे कोर्स बरे म्हणतात, आणि इथे तर सगळा खटाटोपच आता अवघड सायन्स झेपतं हे दाखवायचा होता.

कोणते कोर्स घ्यायचे यावर पुन्हा चर्चा. तिला फिजिक्स आणि ऑरगॅनिक टूचे सी रिपीट करायचे होते, ते डोळ्यात खुपत होते तिच्या. मी म्हटलं, अगं गणित बघ ना. जुनी ग्रेड जाणारच नाहीये, तर रिपीटमधला ए आणि नव्या कोर्समधला ए आकड्याला अगदी सारखीच भर घालतात, शून्य फरक. मग जो कोर्स एकदा करून झालाय त्यात ए आणून काय सिद्ध होतं, दुसऱ्यांदा कुणालाही येईल. सीवर बहुतेक शाळांची प्रीरिक्विझिटची (आधी केलेच पाहिजेत अशा कोर्सची) अट भागते, सी मायनस किंवा डी असता तर रिपीट करावंच लागलं असतं, ती गोष्ट वेगळी. पण सी आहे तर सोड आणि वरच्या लेव्हलचं काहीतरी घे. थोडी कुरकुर करून पटलं तिला. यादी झाली: फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, ॲनाटॉमी, हिस्टॉलॉजी, सेल बायोलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी. लॅब धरून प्रत्येकी चार क्रेडिट, सगळे सायन्स. बायोकेमिस्ट्री तिनं २०२० च्या स्प्रिंगला (जानेवारी ते मेचं सेमिस्टर) केलेली होती खरं तर, पण कोविडमुळे पास-फेल घेतलेली. पासचा जीपीएला काडीचा उपयोग नाही, त्यामुळे तेवढी एक पुन्हा केली, या वेळी ग्रेडसाठी.

नॉन-डिग्रीवाल्यांची रोजची कटकट कुणी सांगत नाही ती सांगतो. रजिस्ट्रेशनला नंबर सगळ्यात शेवटी लागतो. डिग्रीवाल्या मुलांचं झालं की उरलेल्या सीट, आणि ॲनाटॉमीची सीट कधीच उरत नाही. ती प्रोफेसरला ईमेल टाकून, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन मागे उभी राहून, कुणीतरी ड्रॉप करेल याची वाट बघून आत शिरली. दुसरं म्हणजे पैसे. नॉन-डिग्री विद्यार्थ्याला फेडरल लोन सहजासहजी मिळत नाही, म्हणून काही जण मुद्दाम दुसऱ्या बॅचलरला नाव घालतात. हिनं तसं केलं नाही, दिवसा असिस्टंटची नोकरी, संध्याकाळी वर्ग, आणि थोडे ताईभावोजींनी घातले.

२०२१ च्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबर ते डिसेंबरचं सेमिस्टर) एकच कोर्स घेतला, फिजिऑलॉजी. बी प्लस. एक्सेलमधे आकडा टाकला, २.८९ चा झाला २.९०. "मामा, चार महिने रात्री जागले आणि एक पॉइंट? तोही शंभरातला?" मी काय बोलणार. हसू येत होतं पण हसलो नाही. पुढच्या स्प्रिंगला दोन कोर्स, ए आणि ए मायनस, २.९६. २०२२ च्या फॉलला पुन्हा दोन, पुन्हा ए आणि ए मायनस, आणि आकडा ३.०१. ताईनं त्या दिवशी शिरा केला.

२०२३ च्या स्प्रिंगला तिनं नोकरी सोडून तीन कोर्स एकत्र घेतले, बारा क्रेडिट म्हणजे फुल टाइम. हा निर्णय मला त्या सगळ्या दोन वर्षांतला सगळ्यात शहाणा वाटतो. सेमिस्टरला एक-दोन कोर्स घेऊन ए आणणाऱ्याबद्दल कमिटीला रास्त शंका असते की डेंटलच्या पहिल्या वर्षी यापेक्षा दुपटीनं ओझं एकदम पडणार ते हिला पेलेल का. ए, ए, ए मायनस आले.

शेवटचा हिशोब असा. पोस्ट-बॅकचे ३२ क्रेडिट, १२१.६ पॉइंट, त्या ओळीत जीपीए ३.८०. एकूण अंडरग्रॅज्युएट ४९१.६ भागिले १६०, म्हणजे ३.०७. दोन वर्षं, हजारो डॉलर, आणि एकूण आकडा वाढला ०.१८ नं. नुसतं एवढंच बघितलं तर कुणीही म्हणेल काय उपयोग. पण सायन्सची ओळ बघा. आधी सायन्सचे ६० क्रेडिट आणि १५६ पॉइंट होते, म्हणजे २.६०, हा तर लाजिरवाणाच आकडा होता. आता ९२ क्रेडिट, २७७.६ पॉइंट, ३.०२. वाढ ०.४२. तेच आठ कोर्स, त्याच ग्रेड, पण सायन्सचा छेद लहान म्हणून तिथे धक्का दुपटीहून जास्त बसला. म्हणून म्हणतो डिग्रीनंतर कोर्स घेताना सायन्सच घ्यायचं, सोपं काहीतरी घेऊन जीपीए फुगवायचा विचार डोक्यात आणू नये, एकूणमधे तो दिसत नाही आणि सायन्समधे धरत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, आकड्याबाहेरची. तक्त्यात आता वरून खाली वाचलं तर सुरुवात दोनच्या आसपास, मधे तीनला टेकलेली, आणि तळाशी पोस्ट-बॅक ३.८०. वीस वर्षांच्या मुलीला काय जमत नव्हतं आणि तेवीसाव्या वर्षी काय जमतंय हे न बोलता समोर येतं. इंटरव्ह्यूला तिला एफबद्दल विचारलं तेव्हा तिनं कारणं फार दिली नाहीत, त्या ओळीकडे बोट दाखवलं, तेवढं पुरलं.

पत्रांचंही सांगायला हवं. डिग्रीच्या वेळी चारशे मुलांचे वर्ग, एकही सायन्स प्रोफेसर तिला नावानं ओळखत नव्हता, पहिल्या अर्जातली पत्रं अगदी कोरडी असणार. पोस्ट-बॅकच्या हिस्टॉलॉजीच्या वर्गात तीस जण. त्या प्रोफेसरबाईंनी जे पत्र दिलं त्याचा इंटरव्ह्यूमधे उल्लेख झाला. हा फायदा एक्सेलमधे कुठे दिसणार होता?

वेळेचं गणित मात्र नीट सांभाळावं लागतं. एडसासचा अर्ज जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि ॲडमिशन रोलिंग, आधी आलेला अर्ज आधी वाचला जातो. सबमिट करताना ज्या ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर आहेत त्याच जीपीएत येतात, चालू असलेले कोर्स नुसते इन-प्रोग्रेस म्हणून दिसतात, नंतरच्या ग्रेड घालायला अपडेटची वेगळी मुदत असते पण तोवर बऱ्याच इंटरव्ह्यूच्या जागा वाटून झालेल्या असतात. म्हणून २०२२ ला तिनं अर्जच केला नाही. तेव्हा आकडा २.९६ होता, तीन कोर्स झालेले, नातेवाईक म्हणत होते टाकून तर बघ. ते टाकलं असतं तर दुसरा नकार नावावर लागला असता. स्प्रिंग २०२३ च्या ग्रेड मे महिन्यात लागल्या, ट्रान्सक्रिप्ट लगेच मागवलं, आणि अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेला. डॅट त्याआधी परत दिली होती, २१ आले. हे २१ नसते तर नुसत्या ३.०७ वर काही झालं असतं असं मला वाटत नाही, हे स्पष्टच सांगतो. कमी जीपीएला डॅटचा आधार लागतोच.

शाळा पण निवडून घेतल्या या वेळी. एडीईएच्या डेंटल स्कूल एक्सप्लोररवर आणि प्रत्येक शाळेच्या पानावर जाऊन किमान जीपीए, बाहेरच्या राज्यातल्यांना किती घेतात, पोस्ट-बॅककडे कसं बघतात हे वाचलं, आणि काहींना थेट ईमेल करून विचारलं की तुम्ही पहिली चाळणी कुठल्या जीपीएवर लावता. सगळे उत्तर देत नाहीत. पण ज्यांनी दिलं त्यांची उत्तरं एकसारखी नव्हती, कुणी एकूण बघतं, कुणी सायन्स, कुणी म्हणालं अलीकडची वर्षं सगळ्यात जास्त महत्त्वाची. इंटरव्ह्यू तीन आले, एका ठिकाणी वेटलिस्ट, एका ठिकाणी नकार, आणि डिसेंबरमधे शेजारच्या राज्यातल्या एका शाळेचा होकार. २०२४ च्या ऑगस्टमधे गेली.

पुण्याहून आजी फोनवर विचारायची, एवढं सगळं करण्यापेक्षा इथे येऊन बीडीएस केलं असतं तर? प्रश्न अगदीच अडाणी नाही. पण बीडीएस करून अमेरिकेत परत यायचं म्हणजे वेगळ्या अर्ज पद्धतीतून, तिला कॅपिड म्हणतात, पुन्हा इथल्या शाळेत दोन-तीन वर्षं काढायची, आणि त्यातली चुरस अजून कडक. ती वाट भारतातल्या डेंटिस्टांसाठी आहे, इथे वाढलेल्या मुलीनं जीपीएला घाबरून ती धरण्यात अर्थ नव्हता.

हे सगळं ऐकून तिच्याच बॅचची एक मैत्रीण पोस्ट-बॅकला नाव घालायला निघाली होती. तिचा एडसासचा जीपीए ३.३४, सायन्स ३.३, शेवटची दोन वर्षं चांगली, आणि डॅट १७. तिच्या १३० क्रेडिटवर आठ कोर्स घातले, सगळ्यांत ए धरला तरी ३.४७ होतो. मी तिला म्हटलं तू कोर्स-बिर्स काही घेऊ नकोस, तुझं दुखणं जीपीए नाहीच, डॅटचं पुस्तक उघड आणि शॅडोइंगचे (डेंटिस्टबरोबर राहून त्याचं काम बघायचे) तास शंभरच्या वर ने. ती आता परत डॅट देतेय.